भोक नाही, म्हणून भरपाई नाही

अमेरिकेत 2000 नंतरच्या काही वर्षांत फोर्डच्या टॉरस, एक्सपिडिशन अशा गाड्या घेतलेल्यांची एक तक्रार वारंवार येऊ लागली. बॉनेटच्या पुढच्या कडेला रंग फुगतोय. गाडी कुठे ठोकलेली नाही, ओरखडाही नाही, तरी बारीक बारीक फोड. खरवडलं तर आत पांढरी भुकटी. कंपनीची गंजावरची वॉरंटी तेव्हा पाच वर्षांची होती, कितीही मैल चालवा. पण अट अशी होती, की गंजून पत्र्याला आरपार भोक पडलं पाहिजे. इथे भोक नव्हतंच.

ही अट पोलादी पत्र्याला शोभणारी. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्यातून ओलावा खाली झिरपत राहतो आणि पत्रा खाल्ला जातो. ही बॉनेटं मात्र अ‍ॅल्युमिनियमची होती. लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश घनतेचा हा धातू वजन वाचवतो, म्हणून कंपन्यांना प्रिय. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर बसतो आणि पुढची झीज थांबते. म्हणजे पाच वर्षांत आरपार भोक पडणं जवळपास अशक्य. रंगाची वाट मात्र कधीच लागलेली असते. ग्राहकाला दिलेलं हे संरक्षण कागदावरच राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग असा चिवट थर असताना फोड येतात कसे? याचा खुलासा फोर्डनेच डिसेंबर 2004 मध्ये डीलरांना पाठवलेल्या तांत्रिक सूचनेत केला. परत आलेले पत्रे कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा कळलं की रंग चढण्याआधीच अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडाचे कण रुतले होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि त्यात खारट ओलावा, एवढ्यावर बॅटरी तयार होते. लोखंडापेक्षा अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन सहज सोडतं, त्यामुळे झिजतं तेच. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठातले क्लोराइड आयन ऑक्साइडचा थर फोडतात. तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि रंग वर उचलते. बॉनेटची कड तर आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेली असते. त्या घडीत पाणी साचतं, रंग नीट पोचत नाही. सुरुवात तिथूनच होते, यात नवल नाही.

म्हणून फोड दिसला की आधी लोहचुंबक लावून पाहावं. चिकटला नाही तर पत्रा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा (किंवा प्लॅस्टिकचा). मग वॉरंटीच्या पुस्तिकेत फक्त गंजाचं कलम वाचून थांबू नये. रंगाचं आणि उत्पादनातल्या दोषाचं कलम वेगळं असतं, त्याची मुदत बहुतेक वेळा कमी असते, पण भोकाची अट तिथे नसते. तक्रार मुदतीच्या आत, लेखी, तारीख असलेल्या फोटोंसह द्यावी. बाहेर परस्पर डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं की दोष कारखान्यातला होता हे दाखवणं अवघड होतं.

दुरुस्ती मंजूर झाली तरी एक गोष्ट विचारून घ्यावी: घासायची हत्यारं कोणती? अ‍ॅल्युमिनियमचं काम वेगळ्या जागी आणि पोलादाला न लागलेल्या हत्यारांनीच करा, असं फोर्डच्या त्या सूचनेत बजावलं होतं. दार घासलेल्या सँडरनेच बॉनेट घासलं, तर नव्या रंगाखाली लोखंडाचे नवे कण जाऊन बसतात.