नदीकाठचे घर : तवक्कल आणि तयारी

21 जुलै 2021 रोजी बकरी ईद होती. चिपळूणच्या मोहल्ल्यांत कुर्बानी झाली, हिस्से वाटले गेले आणि दमलेली माणसे झोपी गेली. रात्रभर पाऊस कोसळत राहिला. 22 तारखेला पहाटे पाणी घरांत शिरू लागले. बाजारपेठ बुडाली आणि काही भागांत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. ईदच्या दुसऱ्या दिवशी लोक छपरांवर आणि गच्च्यांवर बसून होड्यांची वाट पाहत होते.

आम्हा चिपळूणकरांना पूर नवा नाही. 26 जुलै 2005 च्या पुराच्या खुणा अनेक भिंतींवर होत्या. 2021 चे पाणी बऱ्याच ठिकाणी त्यांच्याही वर गेले.

याची कारणे समजून घेतली पाहिजेत. सह्याद्रीत पडलेला पाऊस तीव्र उतारावरून थोड्याच वेळात वाशिष्ठीत उतरतो. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत येते. शहरातून वाहणारी शिवनदीही तिलाच मिळते. पुढे दाभोळची खाडी आहे. भरती असली की खालून समुद्राचे पाणी चढते आणि नदीचे पाणी ओसरायला वाट उरत नाही. पात्रात वर्षानुवर्षे गाळ साचलेला असेल, तर नदी शहरात पसरते. म्हणून पावसाळ्यात भरतीची वेळ घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी.

“मग तिथे राहता कशाला?” असे बाहेरचे लोक सहज विचारतात. पण इथे आमची दुकाने, मशिदी, कब्रस्ताने आहेत. अनेकांनी आखातात उमेद घालवून एकेक खोली बांधली आहे. त्यात आता पूररेषांचा प्रश्न आला. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, नव्या बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि 100 वर्षांच्या पुराच्या लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात. जुने घर पाडून नवे उभारता येईल का, विकायचे ठरवले तर किंमत मिळेल का, ही चिंता घरोघरी आहे. उठून जाणे सोपे नाही आणि बेफिकीर राहणे परवडणारे नाही.

अशा वेळी “अल्लाहची मर्जी” म्हणून हात जोडून बसणे म्हणजे तवक्कल नव्हे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले. नदीकाठच्या माणसाने आपला उंट मे महिन्यातच बांधावा.

आधार कार्ड, रेशन कार्ड, निकाहनामा, पासबुक, घरपट्टीची पावती आणि जागेचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत. त्यांच्या प्रती उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे द्याव्यात. कुरआन शरीफ आणि दीनी किताबे माळ्यावर ठेवावीत. विजेचा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करणे बायका-मुलांनाही यावे. रोजची औषधे, टॉर्च, पिण्याचे पाणी आणि कोरडा खाऊ एका जागी असावा. पाणी वाढण्याचा इशारा मिळाला, तर म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे दिवस मावळण्याआधीच हलवावीत. पूर ओसरल्यावर चिखल काढण्याआधी नुकसानीचे फोटो घ्यावेत. पंचनाम्याला ते उपयोगी पडतात. चिखलात अनवाणी उतरू नये, पाणी उकळून प्यावे. लेप्टोस्पायरोसिस अशाच दिवसांत पसरतो, म्हणून ताप आला की लगेच डॉक्टरांकडे जावे.

पण खरी कसोटी एकेका घराची नसून साऱ्या मोहल्ल्याची आहे. आमच्याकडे कितीतरी घरांतले पुरुष परदेशी आहेत. मागे सासू, सून आणि मुले असतात. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोण एकटे राहते, कोणता भाडेकरू नवा आहे, याची यादी जमातीकडे पावसाळ्यापूर्वी तयार असावी. कोणत्या घराची जबाबदारी कोणत्या तरुणावर, हेही ठरलेले असावे. मशिदीच्या भोंग्यावरून वेळेत दिलेली सूचना जीव वाचवू शकते. त्या यादीत शेजारचे हिंदू घरही असले पाहिजे. शेजाऱ्याचा हक्क सांगताना दीनने त्याचा धर्म विचारलेला नाही. 2021 मध्ये अडकलेल्यांना ओढून काढणाऱ्या हातांनीही तो विचारला नव्हता.

आणखी एक काम आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये चिपळूणकरांनी नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केले आणि त्यानंतर गाळ काढण्याचे काम सुरू झाले. हा पाठपुरावा दरवर्षी व्हायला हवा. आपल्या बाजूनेही वहाळात कचरा, राडारोडा आणि कुर्बानीचे अवशेष जाणार नाहीत, हे आपणच पाहायचे. वाटेतला काटा दूर करणे हा सदका आहे. पाण्याची वाट मोकळी ठेवणे हाही सदकाच समजावा. त्याने आपले घर वाचेल आणि आपल्या खालच्या अंगाला राहणाऱ्याचेही.