वाचल्यानंतरचे अठरा महिने

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस घरी येतो, तेव्हा घरच्यांना वाटतं, संकट टळलं. शेजारीपाजारी ‘ॲडमिट होता, आता बरा आहे’ एवढंच सांगायचं, बाथरूमची कडी काढून टाकायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. पण डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. ज्या अडचणीपायी तो खचला, ती घरी तशीच असते. वर शरम आणि सगळ्यांची पाळत.

अशा वेळी नेमानं केलेली चौकशी किती कामाला येते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासात दिसलं. चेन्नई, कोलंबो आणि ब्राझील, इराण, चीनमधलं एकेक शहर मिळून त्यात असे १,८६७ जण होते. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. साधारण निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी शिवाय तासभर बसून बोलणं झालं आणि पुढे दीड वर्षात नऊदा फोन किंवा भेट. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात. मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. पहिल्या गटातले २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येनं गेले, दुसऱ्यातले ०.२ टक्के.

जगण्याचा अर्थ वगैरे यानंतरची गोष्ट. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९३० च्या दशकात आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांवर उपचार केले. त्यांचं म्हणणं, अर्थ दुसऱ्यानं हातात देता येत नाही. तो ज्याचा त्याला कामात, माणसांत, न टळणाऱ्या दुःखाला सामोरं जाण्यात सापडतो. म्हणून ‘तुला काय कमी होतं?’ हे प्रवचन नको. झोप, औषधं मार्गी लागली की दुकानाचा गल्ला सांभाळणं, भाचीचा अभ्यास घेणं, इथून सुरुवात होऊ शकते.

पोलिसांच्या धास्तीनं उपचार लपवू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरूनच चालतं; त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. आणि ‘पुन्हा तसे विचार येतात का?’ असं सरळ विचारल्यानं ते विचार डोक्यात भरत नाहीत; उलट बोलायला वाट मिळते.

घरच्यांनी त्या नऊ तारखा कालनिर्णयवर लिहूनच ठेवाव्यात. शहाळी घेऊन येणारे नातेवाईक दुसऱ्या महिन्यात यायचे थांबतात. शेवटची चौकशी अठराव्या महिन्यात करायची असते.