घोडा बोलतो, ऐकतो कोण?

‘टांग्याच्या घोड्याचे आत्मवृत्त’ हा निबंध आपल्या शाळांमध्ये वर्षानुवर्षे लिहून घेतला जातो. बहुतेक वह्यांमधला घोडा एकच गोष्ट सांगतो : पूर्वी मी लढाया गाजवल्या, आता मला कुणी विचारत नाही. लगाम तोंडात कुठे रुततो, हे मात्र वहीत येत नाही.

ते लिहिले इंग्लंडच्या ॲना सेवेल यांनी. त्यांचा जन्म १८२० चा. चौदाव्या वर्षी पडून घोट्यांना इजा झाली आणि पुढे आयुष्यभर त्यांना नीट चालता आले नाही. त्यांचे येणेजाणे तट्टाच्या गाडीतून होई. त्या चाबूक न वापरता, तट्टाशी बोलत गाडी हाकत, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. आजारपणात त्यांनी ‘ब्लॅक ब्युटी’ हे एकच पुस्तक लिहिले. ते १८७७ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी त्या वारल्या. मुखपृष्ठामागच्या पानावर त्यांनी स्वतःला लेखिका नव्हे, तर घोड्यांच्या भाषेतून तर्जुमा करणारी म्हटले आहे.

या पुस्तकात मेरीलेग्ज नावाचे एक तट्टू आहे. मुले आळीपाळीने त्याच्यावर बसतात, काठी मारतात, थांबतच नाहीत. शेवटी ते मागच्या पायांवर उभे राहून मुलांना हळूच खाली घसरवते. ते खोडकर नाही. तट्टूही थकते, एवढेच त्याला समजावून द्यायचे आहे. त्या काळी श्रीमंतांच्या गाड्यांचे घोडे ऐटदार दिसावेत म्हणून त्यांची मान दोरीने वर ताणून बांधत. चढावर त्यांचा जीव मेटाकुटीला येई. या पुस्तकामुळे त्या रिवाजाविरुद्ध लोकमत तयार झाले.

उर्दूत कृष्ण चंदर यांनी गाढवाला बोलते केले, पण ते माणसांचे पितळ उघडे पाडायला. सेवेल यांचा घोडा स्वतःचे दुखणे सांगतो. आपल्याकडे अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहातही असा प्रसंग आहे. एका बागेत उंट पैगंबरांना (स.) पाहून रडू लागला. त्यांनी त्याला कुरवाळले आणि मालकाला बोलावून सांगितले, की तू याला उपाशी ठेवतोस आणि फार राबवतोस, अशी याची तक्रार आहे.

आपल्या खान्देशाला घोडा नवा नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. तिथे घेणारा दात पाहून वय ओळखतो, चाल पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो. मात्र जळगाव-धुळ्यात लग्नाचा घोडा ठरवताना आपण फक्त भाडे आणि झूल पाहतो. मे महिन्यातले ऊन, समोर डीजे, कानाशी फटाके. घोड्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात आणि पाठीमागचे त्याला दिसत नाही. तो बिथरला की ‘घोडा खराब निघाला’ म्हणून आपण मोकळे होतो.

खरे तर घोडा आधीच बोललेला असतो. कान मागे पाडले तर तो चिडला किंवा त्याला दुखते आहे. पुढचा एकच पाय पुढे काढून अलगद टेकवत असेल, तर पायात दुखणे आहे. वारंवार मान वळवून पोटाकडे पाहत असेल, तर पोटदुखी आहे. अशा वेळी वरात बाजूला ठेवून पशुवैद्य बोलवावा.

म्हणून घोडा ठरवताना घरातल्या मोठ्यांनी जीन उचलून पाठ पाहावी. जखम दिसली तर तो घोडा घेऊ नये. सावली आणि बादलीभर पाण्याची सोय आपण करावी. डीजे लांब ठेवावा आणि वेळ आधी ठरवून ती पाळावी. नवरदेवाच्या मागे दोन-तीन पोरे बसवू नयेत. आणि हे सारे मुलांच्या देखत करावे. मग पुढच्या वर्षी तोच निबंध लिहिताना घोड्याने काय सांगावे, हे त्यांना कुणी शिकवावे लागणार नाही.