हॉलमधला समुद्र आणि आठ गोगलगायी

समुद्र आपल्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. त्यातही नळाला दिवसाआड पाणी आलं तर चैन वाटावी, अशी वर्षं या शहरानं काढलेली. तरीही गारखेड्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी दोनशे लिटरचा समुद्र मांडलाय. मित्र म्हणतात, ‘येडा झाला का रे?’

खरं तर मला मासे हवे होते. पण काचेवर हिरवं शेवाळ चढलं आणि कळलं, की या घराला कामवाली लागते! म्हणून आठ समुद्री गोगलगायी आणल्या. पिशवी कापली, गोगलगायी टाकीत. चार दिवसांत पाच गेल्या.

चूक माझीच होती. गोगलगायीच्या अंगातल्या मिठाचं प्रमाण बाहेरच्या पाण्याप्रमाणे बदलतं; माशासारखं ते सांभाळणं तिला जमत नाही. दुकानातलं पाणी बरेचदा कमी खारट असतं, माझं होतं १.०२५ घनतेचं. म्हणजे तिला एका क्षणात लोणच्याच्या बरणीत टाकल्यासारखं! आता बारीक नळीनं थेंब थेंब पाणी सोडतो, तास-दीड तास. घाई केली, की संपलं.

दुसरा फंडा तांब्याचा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं असलेलं औषध घालतात. मासा वाचतो, गोगलगाय मरते. त्यामुळे दुकानातलं पाणी टाकीत ओतायचं नाही. नळाचंही नाही. आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळायचं.

मग आला मे. बाहेर ४२ अंश आणि टाकीला हवेत २५-२६. चिलरची किंमत ऐकून मी पाण्यावर टेबल फॅन लावला. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर का चालतो? त्याच कारणानं हाही चालतो. बाष्पीभवन होतं, पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण ग्यानबाची मेख इथेच आहे! पाणी उडतं, मीठ मागे राहतं, खारटपणा चढत जातो. म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, मिठाच्या नाही. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी.

आणि हो, टाकी चकाचक झाली, की गोगलगायी उपाशी मरतात. तेव्हा वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा दगडाला रबरबँडनं बांधून द्या. उलटी पडलेली दिसली तर सरळ करा. काहींना स्वतःहून वळताच येत नाही. मेलेली लगेच काढा, नाहीतर अमोनियानं बाकीच्याही जातील.

एक विनंती. मालवणला गेलात तर तिथून प्रवाळ किंवा जिवंत शंख उचलून आणू नका. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माझ्या टाकीतले खडक सिमेंटचे आहेत. गोगलगायींची काहीही तक्रार नाही.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतो ना आपण? शास्त्रातल्या ‘गॅस्ट्रोपॉड’चा अर्थही अगदी तोच! उरलेल्या तिघी रोज रात्री त्याच पोटावर काच पुसत फिरतात. ऑफिसातून कितीही उशिरा आलो तरी आधी टॉर्च मारून मोजतो. एक, दोन, तीन. मग जेवायला बसतो.