दुकान आणि वेबसाइट : बिलिंगची सिस्टिम घेण्याआधी

गेल्या धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. "काका, घोळ झालाय." रामबागेत त्याचं छोटं दुकान आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, चिवडा, चकली असा माल. दोन वर्षांपूर्वी त्याने वेबसाइटही काढली. झालं असं की काउंटरवर चकलीची शेवटची पाकिटं विकली गेली आणि त्याच अर्ध्या तासात वेबसाइटवर त्याच पाकिटांचे पैसे भरून तीन ऑर्डरी आल्या. पैसे परत केले, माफी मागितली. पण त्यातलं एक गिऱ्हाईक पुण्याचं, नात्यातलंच निघालं, त्यामुळे प्रकरण अजून ऐकायला मिळतं.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतून असे उद्योग सुरू झाले आहेत, म्हणून हे लिहितो. मी कॉम्प्युटरचा जाणकार नाही, बी.कॉम. करून आयुष्यभर बँकेत खाती जुळवली एवढंच. पण हा घोळ मला ओळखीचा वाटला. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा खातं म्हणजे एका शाखेच्या लेजरमधलं एक पान असे. दुसऱ्या शाखेला त्या पानावरची शिल्लक दिसत नसे. कोअर बँकिंग आलं आणि सगळ्या शाखा एकाच शिलकेकडे बघू लागल्या. दुकान आणि वेबसाइट या पुतण्याच्या दोन शाखाच होत्या, आणि दोघींची लेजरं वेगळी.

म्हणून सिस्टिम दाखवायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा : काउंटरवर बिल फाडलं की वेबसाइटवरचा साठा किती वेळात कमी होतो? "वेबसाइट जोडता येते" या उत्तरावर समाधान मानू नये. काही ठिकाणी रात्री एक्सेलची फाइल चढवण्यालाच जोडणं म्हणतात. समोर बसवून एक पाकीट विकायला लावावं आणि मोबाइलवर वेबसाइट उघडून आकडा बदलतो का ते बघावं.

ढोबळमानाने दोन वाटा आहेत. शॉपिफायसारख्या सेवेचं स्वतःचं काउंटरचं ॲप आहे, तिथे साठा मुळातच एक असतो; पण जीएसटीचं बिल आपल्याला हवं तसं निघतं का हे तपासावं लागतं. दुसरी वाट म्हणजे टॅली, मार्ग, व्यापार असं आपल्याकडचं सॉफ्टवेअर काउंटरवर, आणि ते वूकॉमर्ससारख्या वेबसाइटला जोडायचं. इथे बिल चोख निघतं, नाजूक असतो तो जोड. सीए साहेब बहुधा टॅली सुचवतील, कारण त्यांच्या ऑफिसात ते रोजचं आहे. माझ्या मते त्यांची सोय दुसऱ्या नंबरावर. महिन्याअखेरीला त्यांना हवी ती फाइल निघाली म्हणजे पुरे.

आपल्या इंदूरच्या दुकानांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे सुटा माल. काउंटरवर गिऱ्हाईक साडेतीनशे ग्रॅम चिवडा मागतं, वेबसाइटवर २०० आणि ५०० ग्रॅमची पाकिटं असतात, आणि दोन्ही एकाच डब्यातून निघतात. किलोचा साठा आणि पाकिटांचा साठा एकमेकांत वळता करणारी सोय सिस्टिममध्ये आहे का, ते डेमोतच करून बघावं.

आता कराचं. माल इंदूर, देवास, उज्जैनला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. पुण्याला पाठवला तर आयजीएसटी. पत्त्यावरून हे सिस्टिमने आपलं आपण ओळखायला हवं. त्याहून महत्त्वाचं असं की दुकान कंपोझिशन योजनेत असेल, तर परराज्यात माल विकताच येत नाही. उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणून नोंदणीच केली नसेल, तरीही परराज्यात करपात्र माल पाठवायच्या आधी ती करावी लागते. वेबसाइटला हे कळत नाही, ती पुण्याची ऑर्डर आनंदाने घेते. तेव्हा सिस्टिमच्या आधी सीएंशी बोलावं.

दरही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ ला पॅकबंद नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे ऐन दिवाळीच्या महिनाभर आधी. पुतण्याला एकेका वस्तूचा दर हाताने बदलत बसावं लागलं. वस्तूंचा गट करून एकदम दर बदलता यायला हवा. खाद्यपदार्थांच्या बिलावर एफएसएसएआयचा नंबरही छापावा लागतो, तो विसरू नये.

पैशांच्या ताळ्याबद्दल जरा जास्त बोलतो, सवय आहे. काउंटरवरच्या क्यूआरवर बँक खात्यातून यूपीआयने हजार आले तर हजारच जमा होतात. जानेवारी २०२० पासून त्यावर एमडीआर नाही. वेबसाइटच्या पेमेंट गेटवेने समजा दोन टक्के घेतले, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून हजाराचे ९७६ रुपये ४० पैसे येतात, तेही एक-दोन दिवसांनी, आणि पाच-सात ऑर्डरींचे एकत्र. पासबुकात दिसणारा आकडा कुठल्याच बिलाशी जुळत नाही. ऑर्डर नंबरानुसार जमा रक्कम, कमिशन आणि परतावा दाखवणारा रिपोर्ट निघत नसेल, तर ती सिस्टिम घेऊ नये. मार्चमध्ये रडायची वेळ येते.

बाकी गोष्टी लवकर सांगतो. इंटरनेट गेलं तरी बिल निघायला हवं. प्रत्येक नोकराचं लॉगिन वेगळं असावं, आणि रद्द केलेलं बिल पुसलं न जाता कुणी, कधी रद्द केलं ते दिसावं. वार्षिक फी बंद केली तर जुनी बिलं मिळतील का, हे लेखी घ्यावं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात आणि एवढ्या काळात दुकानदार सिस्टिम एकदा तरी बदलतोच.

पुतण्याने शेवटी महिनाभर दोन सिस्टिम वापरून बघितल्या आणि दिसायला साधी, पण लगेच साठा कमी करणारी घेतली. वर माझ्या सांगण्यावरून एक केलं : सणाच्या दिवसांत वेबसाइटवर प्रत्यक्षापेक्षा पाच पाकिटं कमी दाखवतो. उरली तर काउंटरवर खपतात. नाहीतर काका आहेतच.