बदलीच्या गावी शाळा

दिवाळीची सुट्टी संपण्यास चार दिवस उरले असता माझ्या बदलीचा हुकूम हाती आला, आणि अंबाजोगाई तालुक्यातील ज्या गावी गेली पाच वर्षे आमचे बिऱ्हाड होते ते मोडून पुण्याच्या पूर्वेकडील एका उपनगरात मांडण्याची धांदल सुरू झाली. भांडीकुंडी, पुस्तके, गॅसची जोडणी या साऱ्यांची व्यवस्था आठवड्याच्या आत लागली; परंतु तिसरीत शिकणाऱ्या माझ्या कन्येला नव्या गावी शाळेत जागा मिळेपर्यंत जे सहा दिवस गेले, ते मी अद्याप विसरू शकलो नाही. सकाळी सातच्या सुमारास खालच्या रस्त्याने गणवेशातली मुले जाऊ लागली की ती गॅलरीत येऊन उभी राही. दप्तर तिने पहिल्याच दिवशी भरून दाराशी ठेवले होते, ते तसेच तेथे होते.

घराच्या सर्वांत जवळची शाळा एका खाजगी संस्थेची, शासनाच्या अनुदानावर चालणारी. तेथील लेखनिकाने माझे म्हणणे पुरते ऐकण्यापूर्वीच विचारले, ‘‘दाखला आणलाय?’’ तो अजून मिळावयाचा आहे असे सांगताच, ‘‘मग दाखला घेऊन या. वर्षाच्या मध्ये आम्ही सहसा घेत नाही, जागा असली तर बघू,’’ एवढे बोलून त्याने पुढच्या माणसाकडे पाहिले. त्याच दिवशी सायंकाळी मी गावच्या मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘साहेब, दाखला मी आज लिहून देतो, पण ज्या शाळेत पोरगी जाणार त्या शाळेचं मागणीपत्र तेवढं पाठवा. नाहीतर इथल्या पटावरून ती कमी व्हायची आणि तिकडं कुठंच चढायची नाही.’’ एक शाळा दाखल्यावाचून प्रवेश देईना आणि दुसरी प्रवेशाच्या पत्रावाचून दाखला देईना, अशा कात्रीत मी सापडलो. मात्र या दोन नकारांमध्ये फार मोठे अंतर होते. गुरुजींच्या अटीमागे मूल मध्येच कोठे हरवू नये ही काळजी होती. एक महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर राहिलेले मूल आपल्या राज्यात शाळाबाह्य समजले जाते, आणि अशी मुले कोणत्या वाटेने नाहीशी होतात हे त्यांनी अनेक वर्षे डोळ्यांनी पाहिले होते. लेखनिकाच्या अटीमागे मला तसे काही दिसले नाही.

त्या रात्री मी कायदा काढून वाचला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यातील पाचवे कलम जणू माझ्यासारख्या बदलीवाल्यांसाठीच लिहिलेले आहे. कोणत्याही कारणाने मुलाला शाळा बदलावी लागली तर शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. जुन्या शाळेच्या प्रमुखाने दाखला तात्काळ द्यावयाचा आहे, न दिल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दाखला येण्यास विलंब झाला या सबबीवर नव्या शाळेला प्रवेश लांबविता येत नाही, नाकारताही येत नाही. चौदाव्या कलमाने वयाच्या पुराव्याअभावी, आणि पंधराव्याने मुदत उलटून गेल्याच्या कारणास्तव, मुलाला परत पाठविण्याचा मार्ग बंद केला आहे. स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांतील मुलांना शाळेत दाखल करून घेणे हे नवव्या कलमान्वये स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरते. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या सक्तीचा रोख पालकांवर होता आणि त्या काळी तो योग्यच होता. आजच्या कायद्याचा रोख शाळेवर व सरकारवर आहे, आणि हा पालट दाराशी बसणाऱ्या प्रत्येक लेखनिकाला ठाऊक असावयास हवा.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंच्या मेजावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, भिंतीला पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब टांगलेला होता. बाईंनी माझ्याऐवजी मुलीला जवळ बोलावले.

‘‘काय गं, कितवीत आहेस?’’

‘‘तिसरीत.’’

‘‘हे वाच बरं.’’

तिने मराठीच्या पुस्तकातील अर्धे पान वाचले. बाईंनी जन्मदाखल्याची व आधारपत्राची प्रत ठेवून घेतली, शिपाईमावशींना हाक मारली आणि म्हणाल्या, ‘‘हिला तिसरीच्या वर्गात बसवा. कागद येत राहतील.’’ मी कायद्याची कलमे मनात जुळवून गेलो होतो, त्यांतील एकाचाही उच्चार करण्याची पाळी आली नाही. माझा अर्ज लिहून होईपर्यंत वर्गातून पाढ्यांचा आवाज येऊ लागला होता आणि त्यात माझी मुलगी होती. बाईंनी मागणीपत्रावर जावक क्रमांक घातला, सही करून शिक्का मारला, आणि समजावून सांगितले की जुन्या शाळेने संगणकावरही तिचे नाव मोकळे करावयास हवे. ते ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये आले म्हणजे तिचा अकरा अंकी कायम शिक्षण क्रमांक घालून त्या ते आपल्या शाळेच्या यादीत घेतील.

ते मागणीपत्र टपालाने धाडता आले असते, परंतु राहिलेले सामान आणावयाचे होते म्हणून शनिवारी मी स्वतःच गावी गेलो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लेखनिक नसतो. दाखले लिहिणे, पत्रके भरणे, खिचडीचा तांदूळ मोजणे हे सर्व वर्ग सांभाळूनच गुरुजींना करावे लागते. मुले घरी गेल्यावर त्यांनी लोखंडी कपाट उघडले आणि जनरल रजिस्टर नंबर १ बाहेर काढले. कापडी पाठीचे, कोपऱ्यांना झिजलेले ते जाडजूड बाड, जुनी माणसे ज्याला दाखलखारीज म्हणतात, त्यात त्या गावातील तीन पिढ्यांच्या जन्मतारखा आहेत. गुरुजींनी पट्टी आडवी ठेवून माझ्या मुलीची ओळ धरली व दाखल्याच्या छापील कागदावर एकेक रकाना उतरवू लागले: संपूर्ण नाव, आईचे नाव, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख प्रथम अंकांत आणि मग अक्षरांत. ‘दोन हजार सतरा’ हे शब्द त्यांनी इतके सावकाश लिहिले की मी कारण विचारले. ते म्हणाले, ‘‘इथं काना-मात्रा चुकली तर पोर म्हातारं होईपर्यंत निस्तरत बसतं. जातीच्या दाखल्याला हे, नोकरीला हे, पडताळणीला हेच. मागून दुरुस्ती करायची म्हणजे वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय हात लावता येत नाही.’’ प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचे कारण पालकांची बदली. नंतर त्यांनी रजिस्टरातील त्याच ओळीच्या अखेरीस सोडल्याची तारीख व दाखल्याचा क्रमांक घातला, हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल शाईने तीच नोंद केली, आणि मला पोच लिहून देण्यास सांगितले. या सर्वांस पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात त्यांनी एकही अक्षर खोडले नाही.

मेजाच्या दुसऱ्या बाजूस शिक्षण हमी कार्डांची चळत होती. त्या आठवड्यात गावातील ऊसतोडीच्या कोयत्याच्या टोळ्या ट्रकांतून साखर कारखान्यांकडे निघाल्या होत्या. ज्यांची मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिली त्यांची नावे वेगळ्या यादीत होती. जी आईबापांबरोबर फडावर गेली त्यांच्या हाती, मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला कितपत येते हे लिहिलेले ते कार्ड द्यावयाचे, म्हणजे फडाजवळच्या शाळेने काही न विचारता त्याला वर्गात घ्यावे. माझ्या मुलीच्या वर्गातील सात मुले अशी गेली होती. चार कार्डे अजून मेजावरच पडली होती, कारण ट्रक रात्रीच निघून गेला होता. मी सुशिक्षित, पगारदार, कायदा वाचू शकणारा माणूस असून सहा दिवस हिंडलो. त्या चार मुलांच्या वतीने शाळेच्या दाराशी जाऊन कोण बोलणार, हा विचार परतीच्या सबंध प्रवासात माझ्या मनातून गेला नाही. गुरुजींनी ती कार्डे माझ्यासमोर टोळीच्या मुकादमाच्या भावाकडे सोपविली आणि पोहोचल्याचा फोन करण्यास त्याला बजावले.

सोमवारी मी दाखला बाईंच्या हाती दिला. त्यांनी आपल्या रजिस्टरात नवी ओळ सुरू केली आणि प्रवेशाची तारीख म्हणून मुलगी प्रथम वर्गात बसली तो दिवस लिहिला.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या गल्लीत, शेजारच्या बांधकामावर किंवा गावाबाहेरच्या उसाच्या फडावर ऐन वर्षात नवे मूल आलेले दिसले, तर त्याच्या आईबापांना सांगा की महापालिकेच्या अथवा जिल्हा परिषदेच्या जवळच्या शाळेत त्याला उद्या सकाळीच घेऊन जा, दाखला हाती नसला तरी. आणि ते बिचकत असतील तर आपण त्यांच्याबरोबर जा.