कात्री कोणाच्या हाती?

फेब्रुवारी १९६५. अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या न्यायालयाच्या पायऱ्या. मतदार म्हणून नाव नोंदवायला आलेल्या कृष्णवर्णीयांना शेरीफ जिम क्लार्क आणि त्याच्या माणसांनी दारातच अडवले आहे. नोंदणीला आलेल्यांच्या वतीने सी. टी. व्हिव्हियन नावाचे धर्मोपदेशक क्लार्कशी बोलत आहेत, आणि समोर कॅमेरे सुरू आहेत. बोलता बोलता व्हिव्हियन यांच्या तोंडावर फटका बसतो आणि ते पायऱ्यांवरून खाली कोसळतात. मग उठतात आणि रक्ताळलेल्या तोंडाने तोच मुद्दा पुढे मांडू लागतात. 'आइज ऑन द प्राइझ' या माहितीपट मालिकेच्या सहाव्या भागातले हे दृश्य. १९८७ साली ही मालिका अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर, म्हणजे पीबीएसवर, दाखवली गेली आणि शाळा-महाविद्यालयांत नागरी हक्क चळवळीचे जणू पाठ्यपुस्तकच झाली. पण १९९०च्या दशकाच्या मध्यापासून २००६पर्यंत ती पीबीएसवर पुन्हा प्रक्षेपित करता येत नव्हती आणि नव्याने विकताही येत नव्हती. कोणी बंदी घातली नव्हती. मालिकेतली जुनी बातमीदृश्ये, छायाचित्रे आणि गाणी ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेली होती, आणि ती मुदत संपली होती.

अमेरिकी इतिहासपटांची चर्चा बहुधा शैलीची होते. कॅमेरा छायाचित्रावरून कसा सरकतो, निवेदकाचा आवाज कसा आहे, संगीत कुठे येते, याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात ते पडद्यामागचे तीन प्रश्न: मूळ सामग्री कोणाच्या मालकीची आहे, पैसा कोणाचा आहे, आणि संकलनाची शेवटची कात्री कोणाच्या हातात आहे. एखादे राष्ट्र स्वतःला काय आठवू देते, हे कलावंताच्या प्रतिभेइतकेच या तीन उत्तरांवर ठरते. गेल्या चार दशकांतल्या अमेरिकी माहितीपटांकडे या बाजूने पाहिले की सार्वजनिक प्रसारणाची खरी किंमत लक्षात येते.

इतिहास दूरचित्रवाणीवर आणायला अमेरिकेने सुरुवात केली ती व्यापारी वाहिन्यांवर. एनबीसीची सागरी युद्धावरची २६ भागांची 'व्हिक्टरी ॲट सी' १९५२ साली सुरू झाली. सीबीएसने १९६०मध्ये स्थलांतरित शेतमजुरांची दैना 'हार्वेस्ट ऑफ शेम'मधून घरोघर पोहोचवली. पण जाहिरातदाराच्या भरवशावर चालणाऱ्या वाहिनीला असले काम सातत्याने पेलत नाही. १९६७मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारण कायद्यावर सही केली, त्यातून सरकारी निधी वाटणारे महामंडळ उभे राहिले आणि १९७०मध्ये पीबीएसचे प्रक्षेपण सुरू झाले. पीबीएस म्हणजे दिल्लीहून चालणाऱ्या दूरदर्शनसारखी एकसंध सरकारी वाहिनी नव्हे. तो शेकडो स्वतंत्र स्थानिक केंद्रांचा संघ आहे. न्यूयॉर्कच्या केंद्राने १९८६ साली 'अमेरिकन मास्टर्स' ही कलावंतांच्या चरित्रपटांची मालिका सुरू केली, तर बॉस्टनच्या केंद्राने १९८८ साली 'द अमेरिकन एक्स्पीरियन्स' ही इतिहासपटांची मालिका. पैसा या महामंडळाचा, प्रतिष्ठानांचा, कंपन्यांचा आणि वर्गणी देणाऱ्या प्रेक्षकांचा असा मिळून येई. आशयात मात्र देणगीदाराने हात घालायचा नाही, हा नियम होता.

या व्यवस्थेतून आलेली सर्वांत गाजलेली कृती म्हणजे माहितीपटकार केन बर्न्स यांची अमेरिकी यादवी युद्धावरची 'द सिव्हिल वॉर'. सप्टेंबर १९९०मध्ये सलग पाच रात्री, नऊ भागांत, साडेअकरा तासांच्या आसपास चाललेली ही मालिका सुमारे चार कोटी लोकांनी पाहिली. तिच्यात नाट्यरूपांतर नाही, युद्धाचे चलच्चित्र तर असणे शक्यच नव्हते. आहेत ती स्थिर छायाचित्रे, सैनिकांची पत्रे आणि ती वाचणारे आवाज. यातली बरीच छायाचित्रे, मॅथ्यू ब्रेडी यांच्या हाताखालच्या छायाचित्रकारांनी रणांगणावर टिपलेली, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांच्यावर आज कोणाचाही खाजगी हक्क नाही. कोणीही जावे, पाहावे, प्रत घ्यावी. हीच गोष्ट १९३०च्या मंदीची. डोरोथिया लँग यांनी १९३६मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेली, मुलांना बिलगवून बसलेली स्थलांतरित आई आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेली आहे. ते छायाचित्र सरकारी नोकरीत काढलेले, आणि अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कामावर स्वामित्वहक्क लागत नाही. म्हणून मंदीवरच्या कुठल्याही माहितीपटाला ते मोकळेपणाने वापरता येते. सव्वाशे वर्षांपूर्वीचे युद्ध अमेरिकेला सहज आठवता आले आणि अवघ्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची चळवळ पडद्यावरून नाहीशी झाली. हा फरक काळाच्या अंतराचा नाही, मालकीचा आहे.

सामग्री खुली असली की इतिहास आपोआप खरा सांगितला जातो, असे मात्र नाही. 'द सिव्हिल वॉर'वर एरिक फोनर आणि लिऑन लिटवॅक यांच्यासारख्या इतिहासकारांनी कडक टीका केली. युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचे काय झाले, पुनर्रचनेचा काळ कसा चिरडला गेला, याला मालिकेत जवळजवळ जागा नव्हती. शेवटी उत्तर-दक्षिणेच्या वृद्ध सैनिकांची गळाभेट येते आणि प्रेक्षक समेटाच्या भावनेत उठतो. शेल्बी फूट हे दाक्षिणात्य कथाकार पडद्यावर पुन्हा पुन्हा येतात. गुलामगिरीचा प्रश्न निःसंदिग्धपणे मांडणाऱ्या इतिहासकार बार्बरा फील्ड्स यांच्या वाट्याला त्यामानाने फारच थोडा वेळ आहे. ही टीका मला पटते. मालिकेतली सैनिकांची पत्रे ऐकताना गळा दाटून येतो हे खरे, पण त्या दाटलेल्या गळ्यातच पुढचा प्रश्न अडकून राहतो. तरी खुल्या सामग्रीचा लाभ इथेच दिसतो. बर्न्स यांनी जे टाळले ते इतरांना करता आले. 'अमेरिकन एक्स्पीरियन्स'ने २००४मध्ये आणि हेन्री लुईस गेट्स यांनी २०१९मध्ये पुनर्रचनेच्या काळावर स्वतंत्र मालिका केल्या, त्याही पीबीएसवरच. पहिल्या चित्रपटाची चूक दाखवायला दुसरा चित्रपट उभा राहू शकला, कारण दप्तर कोणाच्या तिजोरीत बंद नव्हते.

'आइज ऑन द प्राइझ'चे निर्माते हेन्री हॅम्प्टन यांची रीत बर्न्स यांच्याहून अगदी वेगळी होती. त्यांची ब्लॅकसाइड ही संस्था बॉस्टनची, १९६८ साली स्थापन झालेली. चित्रीकरणाआधी त्यांनी अभ्यासक आणि चळवळीतल्या माणसांना बोलावून आपल्या चमूची रीतसर शाळाच भरवली. निर्मितीत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय दिग्दर्शकांच्या जोड्या लावल्या. आणि एक पथ्य पाळले: पडद्यावर बोलेल तो घटनेच्या जागी असलेला माणूस, मागाहून अर्थ सांगणारा तज्ज्ञ नव्हे. पहिल्या भागात १४ वर्षांच्या एमेट टिलच्या १९५५मधल्या खुनाचा खटला येतो, तेव्हा मोझ राइट या वृद्ध शेतकऱ्याने भर न्यायालयात गोऱ्या आरोपींकडे बोट कसे दाखवले हे तिथे हजर असलेला पत्रकार जेम्स हिक्स सांगतो. सेल्माच्या भागात गावचा तेव्हाचा महापौर जोसेफ स्मिदरमन यालाही बोलू दिले आहे. विरोधकाच्या तोंडून त्याची बाजू ऐकताना अन्यायाचे रोजचे, कचेरीतले रूप समोर येते. या मालिकेचा १९९०मध्ये आलेला दुसरा खंड ब्लॅक पँथर चळवळीपर्यंत पोहोचतो. १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी ज्या चळवळीवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले, तिच्यातली माणसे तिथे स्वतःच्या आवाजात भेटतात. दलित पँथरचा इतिहास वाचणाऱ्या मराठी वाचकाने तो खंड आवर्जून पाहावा.

आणि नेमकी हीच मालिका अडकली. चळवळीचे चलच्चित्रण व्यापारी वाहिन्यांच्या आणि स्थानिक केंद्रांच्या ताब्यात होते. गाण्यांचे हक्क प्रकाशन कंपन्यांकडे, छायाचित्रांचे संस्थांकडे. हॅम्प्टन यांच्याकडे पैसा एवढाच होता की काही वर्षांपुरतेच परवाने घेता आले. १९९८मध्ये ते वारले. शिक्षक झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटी सांभाळून वापरत राहिले. शेवटी फोर्ड प्रतिष्ठान आणि दानशूर रिचर्ड गिल्डर यांच्या लाखो डॉलरांतून हक्कांचे नूतनीकरण झाले आणि २००६च्या ऑक्टोबरमध्ये 'अमेरिकन एक्स्पीरियन्स'मधून मालिका परत दिसली. व्हिव्हियन ज्या पायऱ्यांवर पडले त्या सरकारी, मार देणारा शेरीफ सरकारी, मार खाणारे नागरिक. त्या क्षणाची चित्रफीत मात्र खाजगी मालमत्ता. या व्यवस्थेत काहीतरी मुळातच चुकलेले आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. बातमी म्हणून एकदा विकलेले दृश्य शिक्षणासाठी खुले करण्याची कायदेशीर वाट हवी.

चरित्रपटांत हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तिथे सामग्रीचा मालक बहुधा नायक स्वतःच असतो. मायकेल जॉर्डनवरच्या २०२०च्या 'द लास्ट डान्स'चे कार्यकारी निर्माते म्हणून त्याच्याच व्यावसायिक सहकाऱ्यांची नावे आहेत, आणि मालिका कितीही थरारक असली तरी तिच्यातली भांडणे जॉर्डनच्या बाजूनेच मिटतात. सार्वजनिक प्रसारणही यातून पूर्ण सुटलेले नाही. 'अमेरिकन मास्टर्स'मधल्या मार्टिन स्कोर्सेसी यांच्या बॉब डिलनवरील चित्रपटात डिलनची मुलाखत घेतली आहे ती त्याच्याच व्यवस्थापकाने. फरक पडतो तो चूक उघड झाल्यावर. 'फाइंडिंग युवर रूट्स' या वंशावळीच्या कार्यक्रमात अभिनेता बेन ॲफ्लेक याच्या विनंतीनंतर त्याच्या गुलाम बाळगणाऱ्या पूर्वजाचा उल्लेख गाळला गेला होता. २०१५मध्ये हे बाहेर आल्यावर पीबीएसने चौकशी केली, नियमभंग झाल्याचे जाहीर केले आणि सुधारणा होईपर्यंत कार्यक्रमाचा पुढचा हंगाम रोखला. त्याआधी २००७मध्ये बर्न्स यांच्या 'द वॉर' या दुसऱ्या महायुद्धावरच्या मालिकेत लॅटिनो सैनिकांच्या मुलाखतीच नाहीत, म्हणून संघटनांनी आवाज उठवला. त्यांचा युक्तिवाद साधा होता: पैसा आमच्याही करातला आहे. बर्न्स यांना नव्या मुलाखती जोडाव्या लागल्या. नायकाच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या चरित्रपटाबद्दल असा जाब कोणत्या प्रेक्षकाने, कोणत्या हक्काने विचारायचा?

यावर पहिला आक्षेप असा की सरकारी पैसा म्हणजे सरकारी लगाम. तो हवेतला नाही. १९७२मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या निधी विधेयकावर नकाराधिकार वापरला होता, आणि त्यामागे वृत्तकार्यक्रमांवरचा राग होता. कंपन्या आणि धनाढ्यांचा पैसाही निर्मळ नसतो. 'द सिव्हिल वॉर'मागे जनरल मोटर्स होती, बर्न्स यांच्याच 'द व्हिएतनाम वॉर'मागे बँक ऑफ अमेरिका आणि उद्योगपती डेव्हिड कोक. एवढ्या दात्यांना सांभाळताना धार बोथट होते, सर्वांना रुचेल असा सूर निघतो, हे बर्न्स यांच्याबाबत पुष्कळदा खरे ठरते. पण एकाच दात्यावर विसंबणे वेगळे आणि अनेक दाते एकमेकांना आवर घालत असणे वेगळे. याच पीबीएसवर स्टॅन्ली नेल्सन यांचा एमेट टिलवरचा चित्रपट २००३मध्ये लागला. तो आणि त्याच काळात त्या खुनाचा माग काढणाऱ्या दुसऱ्या एका चित्रपटकाराचे काम यांच्या रेट्याने २००४मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ते प्रकरण पुन्हा उघडले. पुढे कोणावर आरोप ठेवले गेले नाहीत. तरी अर्धशतकानंतर सरकारला आपलीच फाइल उघडायला लावणाऱ्या चित्रपटाला कोणी मिंधा म्हणू शकत नाही.

दुसरा आक्षेप बाजाराच्या बाजूने येतो: आता नेटफ्लिक्स आहे, क्रीडावाहिन्यासुद्धा उत्तम इतिहासपट काढतात, मग जुन्या व्यवस्थेचा हट्ट कशाला? एव्हा डुव्हर्ने यांचा '१३थ' आणि एझ्रा एडेलमन यांचा जवळजवळ आठ तासांचा 'ओ. जे.: मेड इन अमेरिका' ही दोन्ही २०१६ची कामे अव्वल आहेत. एडेलमन यांनी एका खेळाडूच्या खटल्यातून लॉस एंजेलिसच्या पोलिसी इतिहासाची कितीतरी दशके उलगडली, आणि माझ्या मते चरित्रपट कसा असावा याचा तो आजवरचा सर्वोत्तम नमुना आहे. पण बाजारात असे काम जमते तेव्हा जमते, त्याची हमी नसते. १९९५मध्ये इतिहासालाच वाहिलेली म्हणून सुरू झालेली हिस्टरी चॅनल पंधरा वर्षांत गहाणवटीच्या दुकानावरचे आणि परग्रहवासीयांवरचे कार्यक्रम दाखवू लागली, कारण प्रेक्षकसंख्या तिकडे होती. शिवाय स्ट्रीमिंग मंचावरचा चित्रपट मंचाच्या मर्जीने राहतो. 'आइज ऑन द प्राइझ'चे जे झाले ते तिथे कधीही, कसलीही सूचना न देता होऊ शकते.

ही चर्चा आता नुसती तात्त्विक उरलेली नाही. जुलै २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर असलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. त्याच महिन्यात बॉस्टनच्या केंद्राने 'अमेरिकन एक्स्पीरियन्स'मधल्या कर्मचाऱ्यांची कपात करून नव्या भागांची निर्मिती थांबवली. निधी वाटणाऱ्या महामंडळाने ऑगस्टमध्ये आवराआवर जाहीर केली आणि जानेवारी २०२६मध्ये संचालक मंडळाने ते विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. बर्न्स आणि सहकाऱ्यांची 'द अमेरिकन रेव्होल्यूशन' नोव्हेंबर २०२५मध्ये प्रक्षेपित झाली, ती वर्षानुवर्षे आधी मिळालेल्या निधीच्या बळावर. अशा कामांना लागणारा वेळ कोण विकत घेऊन देणार, याला आज तरी उत्तर नाही. मोठ्या शहरांतली केंद्रे देणग्यांवर तग धरतील. सरकारी निधीवर अधिक विसंबलेल्या लहान ग्रामीण केंद्रांची मात्र वाट बिकट आहे.

हॅम्प्टन यांनी प्रक्षेपणानंतरही मालिकेचे कच्चे साहित्य टाकून दिले नाही. एका माणसाशी झालेल्या तासभराच्या बोलण्यातली दोन-तीन मिनिटेच पडद्यावर येतात. उरलेले सारे बोलणे त्यांनी जपले. हा संग्रह आता सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाकडे आहे आणि पहिल्या मालिकेसाठी घेतलेल्या मुलाखती शब्दशः उतरवून सर्वांना वाचायला खुल्या ठेवल्या आहेत. सेल्माच्या शेरीफ क्लार्कचीही मुलाखत त्यांत आहे. आपल्याकडच्या चळवळींवर, संस्थांवर, माणसांवर जे कोणी आज माहितीपट काढत आहेत, त्यांनी त्या मुलाखती वाचाव्यात, आणि आपण घेतलेल्या मुलाखतींचे न वापरलेले तास आजच एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन करावेत, सर्वांना खुले ठेवण्याच्या लेखी अटीसह.